मोटर मोठी करण्याआधी पाइप मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेतीपंपाच्या विजेवर आपल्या दैनिकात वर्षभर काही ना काही येतं. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतचं मोफत बिल, लाइट दिवसा की रात्री, सोलरचा अर्ज कुठे अडकला. हा सगळा हिशेब मीटरपाशी येऊन थांबतो. मीटरच्या पुढे ती वीज कशात जाते, यावर एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त आकडे कापू नका.

माझी नोकरी एका पंप कारखान्याच्या टेस्टिंग बेडवर झाली. आता निवृत्त आहे. पलूस तालुक्यात थोडा ऊस आहे आणि कृष्णेवरून पाणी आणणाऱ्या आमच्या सामाईक स्कीमचं दप्तर माझ्याकडे असतं. बेडवर पंप लावला की किती मीटर हेडला, म्हणजे किती मीटर उंचीएवढ्या दाबाला, किती लिटर पाणी देतो ते कागदावर यायचं, त्यात वादाला जागा नसायची. तोच पंप नदीकाठी बसला की वर्षभरात त्याच्या नावाने शिमगा सुरू. "पंप पाणी ओढत नाही," "कंपनीनं माल हलका केला," "मोटर कमी पडते." अशा तक्रारीवर कारखान्यातून माणूस गेला की बहुतेक वेळा पंप ठीकच निघायचा. दोष पुढच्या किंवा मागच्या पाइपात असायचा, आणि पाइपाची तक्रार घ्यायला कुठे खिडकी नाही.

आमच्याच स्कीमचं सांगतो, दुसऱ्याची काढण्यात अर्थ नाही. पंपापासून हौदापर्यंत लाइन २,४०० मीटर, चढण २८ मीटर. पीव्हीसी पाइप पाच इंची, म्हणजे बाहेरून १४० मिमी आणि आतून १३० च्या आसपास. लाइन टाकली तेव्हा सभासद मोजके होते. सेकंदाला १२ लिटर पाणी पुरायचं आणि पंधरा हॉर्सपॉवरचा पंप ते देत होता. पुढे लागणी वाढल्या, खोडवा कोणी मोडेना, पाळी लांबली. दर मीटिंगला एकच ठराव, मोटर मोठी करू. पंधराची वीस झाली, विसाची तीस. आज हौदात सेकंदाला २० लिटर पडतं. हॉर्सपॉवर दुप्पट, पाणी पावणेदोनपटीच्याही आत. बाकीचं कुठे गेलं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. सगळ्यांचं लक्ष धारेकडे.

हे शोधायला इंजिनिअर लागत नाही. काही शे रुपयांचा एक प्रेशर गेज लागतो. पंपाच्या पुढे पाणी माघारी येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतो, त्याच्याही पुढे मेन लाइनवर तो बसवायचा. पंप बंद करून लाइन भरलेली असताना काटा बघायचा. आमच्याकडे तो २.८ किलोवर थांबतो. एक किलो म्हणजे साधारण १० मीटर हेड, तेव्हा ही झाली २८ मीटरची चढण. ती बदलणार नाही, नदी खाली आहे आणि शेत वर आहे. मग पंप चालू करून पाणी हौदात नीट पडायला लागलं की पुन्हा काटा बघायचा. आमचा ६.१ वर जातो. मधले ३.३ किलो, म्हणजे ३३ मीटर, पाइपाच्या घर्षणात जातात. चढणीपेक्षा घर्षण जास्त! सभासदांना गेज दाखवला तेव्हा पहिला प्रश्न आला, "गेज बरोबर आहे ना?" दुसरा लावून दाखवला. (नॉन रिटर्न गळका असेल किंवा लाइन मध्ये कुठे हौदापेक्षा उंच टेकाडावरून जात असेल, तर ही पद्धत फसवते. तेवढं आधी पाहून घ्यावं.)

याचं गणित दीडशे वर्षांहून जुनं आहे. वाइसबाख नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १८४५ मध्ये सूत्र मांडलं. डार्सी या फ्रेंच इंजिनिअरनं निरनिराळ्या धातूंच्या, नव्या-जुन्या पाइपांतून पाणी सोडून मोजमापं घेतली, ती १८५७ साली छापली गेली. आजही पाइपातलं घर्षण याच दोघांच्या नावाच्या सूत्रानं काढतात. घर्षण लांबीच्या प्रमाणात वाढतं, हे कोणीही सांगेल. वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पाणी दुप्पट न्यायचं तर घर्षण चौपट, आणि त्या घर्षणावर जाणारी वीज आठपट. पाणी फक्त २० टक्के वाढवायचं म्हटलं तरी घर्षणावरची वीज पाऊणपटीच्या आसपास वाढते. पाइपाच्या बोराचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, हिशेब याहून कडक आहे. तेवढंच पाणी बारीक बोरातून न्यायचं तर घर्षण बोराच्या पाचव्या घातानं चढतं. सेकंदाला २० लिटर पाण्याला दर १०० मीटरमागे किती हेड जातं ते बघा. चार इंचीत सव्वाचार मीटर, आमच्या पाच इंचीत १.४ मीटर, सहा इंचीत ०.७ मीटर, २०० मिमीच्या पाइपात पाव मीटरही नाही. पाच आणि सहा इंचीत दुकानात बोटभर फरक दिसतो, घर्षणात निम्म्याचा आहे.

विजेत सांगतो. आमच्या २,४०० मीटरला सहा इंची पाइप असता तर घर्षण ३३ च्या जागी साडेसोळा मीटर झालं असतं. पंप आणि मोटर मिळून ५५ टक्के कार्यक्षमता धरली तर सेकंदाला २० लिटर पाणी एक मीटर ढकलायला साधारण ०.३६ किलोवॅट लागतात. साडेसोळा मीटरचे झाले पावणेसहा किलोवॅटच्या वर. वर्षाला १,६०० तास पंप चालला तर नऊ हजारांहून जास्त युनिट. युनिटचा दर कोणी काहीही लावो, बिल शासन भरो की आम्ही, तेवढी वीज पाइपाच्या भिंतीला घासून गेली, तिनं एक सरीसुद्धा भिजवली नाही.

आता चालू लाइन उखडून सहा इंची टाका, असं मी म्हणणार नाही. तो खर्च कोणाला झेपणार? पण शेजारून तसाच दुसरा पाच इंची पाइप टाकून दोन्ही टोकांना जोडला तर निम्मं पाणी इकडून, निम्मं तिकडून जातं, आणि घर्षण ३३ मीटरवरून साडेनऊच्या आत येतं. निम्म्यावर येईल असं सगळ्यांना वाटतं, येतं पाव हिश्शाच्या थोडं वर. सगळ्या लांबीचे पैसे नसतील तर निम्म्याच लांबीत टाका. तरी १२ मीटर वाचतात. आमच्या मीटिंगमध्ये एका सभासदानं विचारलं, "निम्म्या वाटेत दोन पाइप आणि पुढे एकच, मग पाणी तुंबणार नाही का?" तुंबत नाही. जोड पाइपाच्या भागात पाणी सावकाश चालतं, एकट्या पाइपात पहिल्याच वेगानं. जिथे सावकाश चाललं तिथे वाचलं.

याच घर्षणातून आणखी एक दुखणं निघतं. नदीजवळचा पाइप दर उन्हाळ्यात फुटतो आणि आपण पाइप कंपनीला नावं ठेवतो. आमचा पाइप सहा किलो दाबाचा आहे. पंप चालू असताना तळाला ६.१ किलो. त्यात लाइट गेली की पाणी माघारी येऊन जो हिसका देतं तो वेगळा. पंधराचा पंप होता तेव्हा घर्षण १३ मीटर होतं, तळाचा दाब चार किलोच्या थोडा वर. तेव्हा एक सांधा निसटल्याचं दप्तरात दिसत नाही. पाइप तोच आहे, त्याच्यावर बसवलेला पंप बदलला.

वाटेतले हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह गळतात म्हणून काढून तिथे बूच मारायची पद्धतही आपल्याकडे फार. ओढ्यापलीकडच्या उंचवट्यावर हवा कोंडून बसते, पाणी तिच्याखालून अर्ध्या बोरातून जातं. शंभर-दोनशे रुपयांच्या रबराच्या वॉशरसाठी.

एल्बो, व्हॉल्व्ह, टी यांच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. कोणी म्हणतं एका बेंडानं पंप मरतो, कोणी म्हणतं काही फरक पडत नाही. दोन्ही जागेवर अवलंबून आहे. फिटिंगमधलं नुकसान तिथल्या वेगावर ठरतं. पंपाच्या तोंडाशी तीन इंची बोरातून २० लिटर जाताना पाण्याचा वेग सेकंदाला चार मीटर होतो. तिथे एक साधा काटकोनी एल्बो पाऊण मीटरच्या आसपास हेड खातो, हलका नॉन रिटर्न दीड मीटर. तोच एल्बो सहा इंची लाइनवर लावला तर सहा-सात सेंटिमीटर. म्हणून पंपाच्या तोंडाला आधी रिड्युसर, म्हणजे लहान-मोठे बोर जोडणारा तुकडा, लावून लाइन मोठी करावी आणि वळणं, व्हॉल्व्ह सगळं त्याच्या पुढे घ्यावं. फिटर उलट करतात, कारण तीन इंची व्हॉल्व्ह स्वस्त. दोन-अडीच किलोमीटरच्या लाइनवर वाटेतल्या पाच-सहा बेंडांचा हिशेब मी धरतसुद्धा नाही. तिथे लांबीचं घर्षणच मालक.

विहिरीवर मात्र चित्र पालटतं. नऊ मीटर उचल, पंधरा मीटर पाइप, सेकंदाला १२ लिटर. अडीच इंची जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, तीन एल्बो आणि पाण्यात बुडालेल्या टोकाचा जाळी चोंदलेला फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपण फुटबॉल म्हणतो. घर्षण चार मीटर आणि फिटिंग साडेचार मीटर, मिळून चढणीएवढंच पुन्हा. चार इंची पीव्हीसी, दोन लांब वळणाचे बेंड आणि चांगला फुटबॉल लावला तर हे सगळं एका मीटरच्या आत बसतं. फुटबॉलचा रोध-गुणांक, म्हणजे तो पाणी किती अडवतो त्याचं माप, ०.८ पेक्षा जास्त नसावा असं भारतीय मानक सांगतं. बाजारात मिळणाऱ्या बारीक तोंडाच्या ओतीव फुटबॉलचा त्याच्या कितीतरी पट असतो. घेताना झडप हातानं उचलून बघा, पाण्याला वाट किती राहते ते डोळ्यांनाच दिसतं. आणि पाणी सोडणारा डिलिव्हरी पाइप हौदाच्या काठापेक्षा पाच फूट वर नेऊन धार लांब पाडायची हौस असेल, तर तो दीड मीटर फुकट चढवला. धार जितकी लांब, तितका पंप भारी, हा समज गावोगाव आहे. त्या धारेची ताकद हौदात पडून संपते.

नदीकाठी सक्शनचा, म्हणजे नदीतून पंपापर्यंत पाणी ओढणाऱ्या पाइपाचा, प्रश्न त्याहून वाईट झाला आहे आणि त्याचं कारण महापूर आहे. २०१९ ला सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. मग २०२१. ज्यांच्या मोटरी गाळात गेल्या त्यांनी पुढच्या वर्षी पंप काठावर आणखी वर चढवले. भीती खरी होती, मी त्यांना दोष देत नाही. पण पंप वर गेला तशी सक्शन लांबली, दोन-तीन एल्बो वाढले, पाइप मात्र जुना चार इंचीच राहिला. हवेच्या दाबावर पाणी समुद्रसपाटीला १०.३ मीटर चढू शकतं, सांगलीच्या उंचीवर पावणेदहाच्या आसपास. त्यातून पंपाची स्वतःची गरज वजा केली की हातात सहाएक मीटर उरतात. चार इंची सक्शन, तीन एल्बो आणि चोंदलेला फुटबॉल, २० लिटरला हे मिळून अडीच मीटरच्या वर खातात. म्हणजे उन्हाळ्यात नदी पंपापासून साडेतीन मीटरच्या खाली गेली की पंपात खडी फिरल्यासारखा आवाज यायला लागतो, इंपेलरला (पंपातल्या फिरत्या चक्राला) खड्डे पडतात आणि पाणी तुटतं. फिटर सांगतो, इंपेलर बदला. नवा इंपेलर पुढच्या उन्हाळ्यात तसाच होतो. सक्शन सहा इंची करून एल्बोच्या जागी लांब बेंड घेतले तर तेच नुकसान अर्ध्या मीटरवर येतं. पंपाच्या तोंडाशी रिड्युसर एका अंगाचा घ्यावा आणि त्याची सपाट बाजू वर ठेवावी, नाहीतर तिथेच हवा साठते.

एक इशारा देणं माझं काम आहे. घर्षण कमी केल्यावर तोच पंप तसाच चालू ठेवला तर तो जास्त पाणी देऊ लागतो आणि मोटर जास्त अँपिअर घेते. सेंट्रिफ्यूगल पंपाचा स्वभावच तो. "पाइप मोठा केला आणि मोटर जळाली," अशा गोष्टी ऐकायला येतात, त्यांच्यामागे हेच असतं. पाइप बदलला की क्लॅम्प मीटर लावून अँपिअर बघायचे. वर जात असतील तर इंपेलर कातून व्यास कमी करायचा, नाहीतर लहान पंप बसवायचा. व्हॉल्व्ह अर्धा बंद करून अँपिअर आणले तर वाचवलेली वीज तिथेच घालवली.

बिलच येत नाही तर या उठाठेवीचं आम्हाला काय, असं साडेसातपर्यंतचे शेतकरी म्हणतील. लाइट आठ तासच येते ना? त्या आठ तासांत एक एकर भिजायचं की सव्वा एकर, हे पाइप ठरवतो.

सोलरचं तर विचारूच नका. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरापर्यंत तीनचा पंप, पाच एकरापर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा. जमीन बघून पंप ठरतो. विहीर किती खोल, पाइप किती लांब, बोर किती, हे त्या मापात नाही. आमच्या भागात विहीर एका शिवारात आणि रान दुसऱ्यात, मध्ये अर्धा किलोमीटर पाइप, ही नेहमीची गोष्ट. सेकंदाला तीन लिटर पाणी ५०० मीटर न्यायला ६३ मिमीच्या पाइपात ११ मीटर हेड जातं, ७५ मिमीत साडेचार. तीनच्या पंपाला हा साडेसहा मीटरचा फरक भरून काढता येत नाही, आणि इथे मोटर मोठी करायची पळवाटही नाही. अर्जाच्या फॉर्मवर पाइपाची लांबी आणि बोर या दोन रकान्यांना किती शाई लागते?

ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पाणीपट्टीत विजेचा १९ टक्के भार शेतकऱ्याचा आणि ८१ टक्के शासनाचा, हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे. या योजनांचं पाणी आता उघड्या पाटाऐवजी बंद नळीतून शेतापर्यंत येऊ लागलंय, ही चांगलीच गोष्ट; गळती आणि बाष्पीभवन वाचतं. पण बंद नळीत शेवटच्या टोकाला दाब किती उरणार हे बोरावर ठरतं. मधल्या शेतकऱ्यानं आउटलेटचं तोंड वाढवून जास्त पाणी घेतलं की वरच्या सगळ्या लांबीतलं घर्षण वर्गानं वाढतं आणि शेपटाकडच्याची नळी कोरडी पडते. तो अधिकाऱ्याशी भांडतो, अधिकारी पंपगृहाकडे बोट दाखवतो. प्रत्येक आउटलेटला गेज लावायची जागा ठेवली तर निम्मी भांडणं काट्यावरच मिटतील.

आता आपल्याकडे मागणं. ठिबक आणि पीव्हीसीच्या जाहिराती आपल्या शेती पुरवणीत पानभर असतात. त्याच पानावर एक चौकट छापावी. ६३, ७५, ९०, ११०, १४०, १६०, १८० आणि २०० मिमी पाइपांत सेकंदाला २ ते ३० लिटर पाण्याला दर १०० मीटरमागे किती मीटर हेड जातं, एवढंच. पाइप कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हा तक्ता असतो, पण इंग्रजीत, आणि दुकानदार ते कोणाला दाखवत नाही. चौकट मी मराठीत तयार करून देतो, आपल्या माणसानं तपासून घ्यावी. पलूस, तासगाव, वाळवा, मिरज भागात पाइपलाइनचं काम उन्हाळ्यात निघतं. त्याआधी, फेब्रुवारीच्या एखाद्या अंकात ती आली तर उपयोग होईल. दुकानदाराकडून लाइनचं इस्टिमेट घेताना त्यात रुपयांच्या रकान्याशेजारी घर्षणाचे मीटर लिहून मागावेत, असं चौकटीखाली ठळक टाइपात टाका.

आपला,
एक निवृत्त पंप टेस्टर
ता. पलूस, जि. सांगली